खान्देशात घराबाहेर कॅमेरा लावताना: आधी वायर वाचवा

आमच्या मागच्या भिंतीवरचा पहिला कॅमेरा मार्चमध्ये लागला आणि पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये बंद पडला. काढून आणला, टेबलावर दुसऱ्या वायरीने जोडला, तर चित्र लख्ख. कॅमेऱ्याला काहीच झालं नव्हतं, मेली होती ती वायर. बसवणाऱ्या मुलाने गच्चीच्या कठड्यावरून पांढरी वायर उघडीच टाकली होती आणि मध्ये मध्ये टाकीच्या पाइपाला केबल टायने करकचून बांधली होती. दोन उन्हाळ्यांत तिचं आवरण पिवळं पडून पापडासारखं झालं. टाय जिथे आवळले होते तिथे टिचकी मारली तरी तुकडा पडायचा. मृगाचा पाऊस आला, पाणी त्या तड्यांतून आत शिरलं आणि वायरीच्या पोटातून थेट कॅमेऱ्याच्या जोडापर्यंत पोचलं. तांबं हिरवं पडलं होतं. शिडी धरून उभे असलेले शेजारचे अप्पा म्हणाले, "चोर येई का नही माहीत नही, पानी मातर येईच."

त्यानंतर आमच्या घराला, भावाच्या मळ्यातल्या घराला आणि अप्पांच्या जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराला मी स्वतः कॅमेरे लावले. खाली लिहिलंय ते या तीन घरांवरून. तुम्ही स्वतः शिडीवर चढणार नसाल, माणूस बोलावणार असाल, तरी वाचा. खाली उभं राहून काय बघायचं आणि कुठे अडवायचं एवढं तरी कळेल.

दुकानात जाण्याआधी घराभोवती दोन फेऱ्या

एक फेरी दुपारी तीनला मारा, दुसरी रात्री नऊला.

दुपारी जिथे कॅमेरा लावायचा विचार आहे तिथे भिंतीला तळहात टेकवा. एप्रिल-मेत दहा सेकंद हात ठेववत नसेल तर ती जागा सोडून द्या. बाहेरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या खोक्यावर ५० किंवा ६० अंशांपर्यंत चालेल असं छापलेलं असतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या पडवीला खालून चिकटवलेला कॅमेरा त्याहून कितीतरी जास्त तापतो, शिवाय त्याची स्वतःची उष्णता वेगळी. सिमेंटच्या सज्जाखालची, उत्तरेकडची किंवा दक्षिणेकडची भिंत सगळ्यात बरी. पश्चिमेकडे तोंड करून लावलात तर उन्हाळ्यात संध्याकाळी सूर्य थेट भिंगात उतरतो आणि फाटकात कोण उभं आहे ते दिसत नाही, नुसती काळी आकृती दिसते. कॅमेरा घराच्या कोपऱ्यावर घेऊन तिरका वळवला की हा त्रास बराच कमी होतो.

रात्रीच्या फेरीत अंधार कुठे आहे ते बघा. मागचं दार, गच्चीचा जिना, शेजारच्या भिंतीवरून उडी मारता येईल अशी जागा, गोठा, मोटरसायकल उभी असते ती बाजू. आणखी एक बघायचं: कॅमेऱ्याच्या अगदी जवळ पांढरी भिंत, खांब किंवा सज्जाची कड येते का. रात्री कॅमेरा स्वतःचा अदृश्य उजेड टाकतो. तो जवळच्या पांढऱ्या रंगावरून उसळी मारून परत भिंगात येतो आणि सगळं चित्र धुकट होतं. दिवसा हे कधीच लक्षात येत नाही.

उंची नऊ ते दहा फूट ठेवा. हात पुरू नये एवढी उंच आणि चेहरा दिसावा एवढी खाली. पंधरा फुटांवर चढवलेला कॅमेरा डोक्याला बांधलेला रुमाल दाखवतो, माणूस नाही. दुकानदार बहुतेक वेळा २.८ मिमीचं भिंग देतो. ते अंगण सगळं दाखवतं, पण दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात अनोळखी चेहरा दहा-बारा फुटांपर्यंतच नीट उमटतो. फाटक लांब असेल तर त्या एका जागेसाठी ६ मिमीचं भिंग मागा.

आणि एक गोष्ट, जिच्यावरून गावात भांडणं होतात. आपल्याकडे उन्हाळ्यात निम्मं गाव गच्चीवर झोपतं आणि परसात न्हाणी असते. शेजाऱ्यांची गच्ची, खिडकी किंवा न्हाणी चित्रात येता कामा नये. स्त्रियांचं खासगी वेळी चोरून चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि कलम बाजूला ठेवलं तरी आपल्याला त्याच ओट्यावर बसायचं असतं. कॅमेरा लागला की शेजाऱ्यांना बोलावून मोबाइलवर चित्र दाखवा. एवढं पुरतं.

कोणती वायर घ्यायची

इथे पैसे वाचवू नका. कॅमेरा हजार रुपयांनी स्वस्त घ्या वाटल्यास.

दोन पद्धती आहेत. डीव्हीआरची, म्हणजे चित्र साठवणाऱ्या डब्याची, जुनी पद्धत: तीन-अधिक-एक वायर (तीन साध्या तारा, एक चित्राची), टोकाला चित्राची बीएनसी पिन आणि करंटची डीसी पिन, आणि करंट एसएमपीएसमधून, म्हणजे घरच्या लाइटचा १२ व्होल्ट करणाऱ्या डबीतून. दुसरी आयपी कॅमेऱ्याची, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्याची: एकच कॅट-सिक्स (इंटरनेटची) वायर, तीच चित्र आणते आणि तीच करंट नेते. दुसरीला पीओई म्हणतात. घर छोटं असेल तर पहिली पद्धत स्वस्तात भागते. पण गोठा किंवा फाटक लांब असेल तर बारा व्होल्टचं गणित समजून घ्या. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या चांगल्या तांब्याच्या तारेतून ५० मीटरवर अर्धा अँपिअर करंट नेला, तर जाता-येता मिळून सुमारे पावणेदोन व्होल्ट वाटेतच संपतात. बाराचे सव्वादहा उरतात. बाजारातल्या तीन-अधिक-एकमधली तार बहुधा याहूनही बारीक असते. मग असा प्रकार होतो की कॅमेरा दिवसभर उत्तम चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू. रात्रीचे दिवे लागले की त्याला जास्त करंट लागतो आणि तेवढा पोचत नाही. लोक कॅमेरा बदलून आणतात, दोष वायरीचा असतो. पीओईमध्ये दाब ४८ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून वाटेतली घट कमी, आणि १०० मीटरपर्यंत काळजी नाही.

विकत घेताना तुकडा मागून तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा नुसता मुलामा. ती वायर जास्त दाब खाते आणि जोडात लवकर तुटते. आवरण काळं आणि बाहेरच्या वापराचं घ्या. काळ्या आवरणात काजळी मिसळलेली असते, म्हणून ते उन्हाला टिकतं. मोजून येईल त्यापेक्षा दर कॅमेऱ्यामागे दोन-तीन मीटर जास्त आणा. मध्ये जोड द्यावा लागला की पुढच्या पावसाळ्याचं दुखणं तिथेच बसलं.

वायरलेस म्हणून जे विकतात, त्यातले बॅटरीवर किंवा सोलरवर चालणारे सोडले तर बाकीच्यांना करंटची वायर लागतेच. दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीतून वायफाय बाहेर नीट पोचत नाही ते वेगळं.

पाइप, आणि ठिबकची उरलेली नळी

वायर कुठेही उघडी दिसता कामा नये, हा माझा एकच नियम. घराच्या भिंतीवर २५ मिमीचा पीव्हीसी कंड्युट पाइप घ्या. पाइपावर एलएमएस, एमएमएस किंवा एचएमएस असं छापलेलं असतं: हलका, मध्यम, जड. बाहेर मध्यमपेक्षा खालचा घेऊ नका. पांढरा पीव्हीसीही उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून लावून झाल्यावर भिंतीच्या उरलेल्या रंगाचे दोन हात त्यालाही मारा. उन्हापासून वाचतो आणि पाइप डोळ्यांवरही येत नाही.

दर दोन फुटांवर सॅडल (पाइप भिंतीला धरणारी पट्टी) ठोका, पण पाइप त्यात आवळून टाकू नका. पीव्हीसी उन्हात वाढतो. धुळ्यात हिवाळ्याच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मेमधल्या दुपारी भिंत साठाला टेकते. एवढ्या फरकात तीन मीटरचा पाइप जवळजवळ एक सेंटिमीटर लांबतो. जागा ठेवली नाही तर तो धनुष्यासारखा वाकतो आणि सॅडलचे स्क्रू उपसून काढतो. सरळ लांब रांगेत एखादा जोड सोल्यूशन न लावता नुसता सरकवलेला ठेवा. त्याचं तोंड खालच्या बाजूला येईल असं बघा.

मळ्यात मात्र मी पाइप विकत घेतलाच नाही. केळीच्या बागेतली ठिबकची जुनी लॅटरल (झाडांच्या ओळीतून जाणारी बारीक नळी) पडून होती. ती काळी असते आणि वर्षानुवर्षं उन्हात राहण्यासाठीच बनवलेली असते. १६ मिमीच्या नळीतून एक कॅट-सिक्स वायर आरामात जाते. दोन अटी. नळी साधी हवी, इनलाइन नको, कारण आतले ड्रिपर वायरीला अडकतात. आणि वायरीच्या टोकाचा प्लग वायर ओवून झाल्यावरच बसवायचा. ओवायला बाइंडिंग तार आधी सरकवून घ्या, तिला वायर बांधा, वर चिकटपट्टी गुंडाळा आणि एकाने ढकला, एकाने हळू ओढा. जोर लावून खेचलीत तर आतल्या जोड्या ताणतात आणि मग कॅमेरा कधी दिसतो, कधी गायब होतो.

खार आणि उंदीर या नळीला जुमानत नाहीत, हे ज्याने ठिबक वापरलंय त्याला सांगायला नको. म्हणून जमिनीपासून चार फुटांपर्यंत, धाब्याच्या कडेने आणि कापूस ठेवतो त्या खोलीतून जाताना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप किंवा लोखंडी लवचीक पाइप घाला. सरकीसाठी उंदीर येतातच, आणि आले की वायर कुरतडतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत माकडं येतात. ती पाइपाला लोंबकळतात, तिथे सॅडल एक फुटावर घ्या आणि लोखंडी घ्या.

करंटची २३० व्होल्टची वायर आणि कॅमेऱ्याची वायर एकाच पाइपात कधीही नको. निदान फूटभर अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

भोक पाडणं

आधी घराची मेन बंद करा. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडायचं नाही, भिंतीतली वायर तिथूनच गेलेली असते. ड्रिलसाठी लाइट लागते हे खरं, त्यामुळे बॅटरीचं ड्रिल मिळालं तर उत्तम, नाहीतर शेजाऱ्यांकडून एक्स्टेन्शन घ्या. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर आपल्याकडे बऱ्याचदा सज्जाच्या अगदी जवळून जाते. त्या बाजूला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी उभी करू नका. बांबूची आणा.

आरपार भोक बाहेरून आत जाताना किंचित वर चढतं पाडा. भिंतीत बोटभर चढ पुरतो. त्यामुळे बाहेर लागलेलं पाणी बाहेरच उतरतं. आणि वायर भोकात शिरण्याआधी तिला भोकाच्या खाली वितभर झोळ द्या. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाशी थेंब होऊन खाली पडतं. झोळ नसेल तर तोच थेंब सरळ घरात येतो. सगळ्या कामात फुकटचं आणि सगळ्यात उपयोगी काय असेल तर हा झोळ.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला ६ मिमीचं भोक, त्यात गिट्टी (स्क्रू धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा) आणि स्क्रू, काम झालं. काळ्या दगडाच्या भिंतीत दगडावर ड्रिल चालवत बसू नका, सांध्यात भोक घ्या. मातीच्या भिंतीत गिट्टी धरतच नाही, चार दिवसांत कॅमेरा मान टाकतो. अप्पांच्या घरी मी सागवानी खांबालाच लाकडाची एक फळी मारली आणि कॅमेरा त्या फळीवर घेतला. खांब नसता तर भिंत कोरून, सिमेंटात लाकडी गुट्टी बसवून, तीन दिवस वाळू देऊनच स्क्रू मारला असता. धाब्यावरून वायर न्यायची असेल तर माती उकरून तिच्यात पाइप पुरू नका, पावसाळ्यात गळती तिथूनच सुरू होते. कडेने, भिंतीच्या बाहेरून न्या.

जोडाचा खोका

कॅमेऱ्यातून जी वितभर शेपटी बाहेर येते, तिच्या टोकाचा जोड हीच सगळ्यात कच्ची जागा. कॅमेऱ्यावर आयपी ६६ किंवा आयपी ६७ लिहिलेलं असतं. हा आयपी वेगळा, धूळ-पाण्यापासून बचाव किती ते सांगणारा. पहिला सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही. पुढचा सहा म्हणजे जोराच्या पाण्याच्या झोताला टिकेल आणि सात म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडला तरी चालेल. पण हे कॅमेऱ्याच्या डबीचं झालं, शेपटीच्या जोडाचं नाही. हे कोणी सांगत नाही.

म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यामागे पाच बाय पाच इंचाचा पीव्हीसी खोका लावा आणि कॅमेरा त्याच्या झाकणावर बसवा. शेपटी झाकणातल्या भोकातून आत जाते आणि जोड खोक्यात झाकलेला राहतो. मी असं करतो: वायर खोक्यात फक्त खालच्या बाजूने घेतो, वरून किंवा बाजूने कधीच नाही. खालच्या भोकाला रबरी वायसरचा ग्लँड (वायर आवळून धरणारं बूच) बसवून हाताने घट्ट पिळतो. आत वायरीचा हातभर फेटा गुंडाळून ठेवतो, पुढे कधी प्लग कापून नवा लावायचा झाला तर वायर कमी पडायला नको. आयपी कॅमेऱ्यासोबत एका पुडीत प्लॅस्टिकची टोपी आणि रबरी रिंगा येतात. बसवणारे ती पुडी बहुतेक फेकून देतात. फेकू नका, तीच जोडाची छत्री. टोपी वायरीत आधी ओवायची असते, प्लग मारल्यावर आठवलं की प्लग कापावा लागतो. मी दोनदा कापलाय.

झाकणाच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना सिलिकॉन लावा, खालची कड मोकळी सोडा आणि तळाला तीन मिमीचं एक भोक पाडा. आत थोडा दमटपणा धरतोच, त्याला बाहेर पडायला वाट हवी. मोठं भोक ठेवलंत तर गांधीलमाशी घर करते. आणि रिकाम्या जागेत कापसाचा बोळा कोंबू नका. घरात कापूस भरपूर असतो म्हणून हात तिकडेच जातो, पण तो ओल धरून ठेवतो.

सगळं बंद करण्याआधी कॅमेरा चालू करून रात्रीचं चित्र एकदा बघा, मगच शेवटचे स्क्रू आवळा. पासवर्ड त्याच दिवशी बदला. कंपनीने दिलेला तसाच ठेवलेला कॅमेरा दुसरंही कोणी बघू शकतं.

लाइट, वीज आणि कापूस

डीव्हीआर आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या, लाइट गेली की पहिल्यांदा अंधार आपल्याच दाराशी होतो. मळ्यात रात्रीची थ्री फेज आली की दाब वर-खाली होतो, तिथे स्टॅबिलायझर लावल्याशिवाय काही जोडू नका.

एसएमपीएस कापसाच्या खोलीत नको. दिवाळीनंतर भाव बघत कापूस आढ्यापर्यंत रचून ठेवतात, त्याची तूस एसएमपीएसच्या जाळीत बसते, तो तापतो, आणि पुढचं सांगायला नको. ओसरीत किंवा जिन्याखाली, हवा लागेल अशा जागी, भिंतीला लावा.

वळवाच्या पावसात विजा फार पडतात. घराचं अर्थिंग चालू आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या आणि लांबच्या कॅमेऱ्याच्या वायरीला घराच्या टोकाला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अर्थिंगमध्ये सोडणारी डबी) लावा, त्याची हिरवी वायर अर्थिंगला नीट जोडा. गोठ्याला वेगळा मीटर असेल तर घरापासून गोठ्यापर्यंत तांब्याऐवजी फायबर ओढा, फायबरमधून वीज येत नाही. ढग गडगडायला लागले की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवायची. एवढं करूनही वीज अगदी जवळ पडली तर काय वाचेल याची खात्री कुणी देऊ नये.

वर्षातून तीनदा शिडी

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एकदा: पाइप वाकलाय का, रंग उडालाय का. पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा: खोका उघडून आत ओल आहे का. दिवाळीच्या साफसफाईत एकदा: भिंगावरची धूळ आणि जाळी ओल्या मऊ फडक्याने. कोळी कॅमेऱ्याच्या तोंडाशीच जाळं विणतो, कारण रात्री किडे तिथे येतात, आणि त्या एका धाग्यावरून मोबाइलवर रात्रभर हालचालीचे निरोप येत राहतात.

मागच्या भिंतीवर तोच जुना कॅमेरा नव्या वायरीवर अजून चालतोय. गेल्या पावसाळ्यात खोका उघडला तेव्हा आत पाण्याचा टिपूस नव्हता, पालीची दोन अंडी होती. एक ग्लँड जास्तीचा बसवून मी तसाच रिकामा सोडला होता. आता त्यात सायकलच्या ट्यूबचं बूच आहे.